डाव्या सीटवरचं ऊन

इंग्लंडमध्ये गिल्डफर्डहून फार्नहॅमला जाणारा हॉग्ज बॅक हा रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो. दोन्ही अंगांना जमीन उतरत गेलेली, वर उघडं आभाळ, आणि रस्ता थेट मावळतीच्या दिशेला. ऑक्टोबरात संध्याकाळी या रस्त्याला लागायचं म्हणजे सूर्य पुढच्या काचेत येऊन बसणार, हे ठरलेलंच. आमच्या गाडीला छप्पर नाही, काच जेमतेम हातभर उंच. मी डाव्या सीटवर एका हाताने डोळ्यांवर आडोसा धरून आणि दुसऱ्या हाताने स्कार्फ आवळून बसले होते. पुढचं वाहन दिसत नव्हतं. दिसत होता नुसता तांबूस उजेड, आणि त्या उजेडात काचेवर चिरडलेलं एकेक चिलट आणि कधीतरी कुणाचं तरी उमटलेलं बोट. "मला काही म्हणजे काही दिसत नाहीये," मी ओरडले. त्या इंजिनाच्या आवाजात नवरा-बायकोला ओरडूनच बोलावं लागतं. नवरा म्हणाला, "तुला कशाला दिसायला हवंय? चालवतोय मी. टोपी घाल ना."

टोपी मांडीखाली दाबून ठेवली होती, कारण डोक्यावर घातली की वारा ती मागच्या गाडीच्या बॉनेटवर नेऊन टाकतो. हे त्यालाही माहीत होतं. वाक्य रागाचं नव्हतं, हेटाळणीचं तर नव्हतंच. गाडी चालवणारा माणूस रस्त्यावरचं लक्ष न काढता जे बोलतो, तेवढंच ते होतं. तरीही ते सलत राहिलं. घरी येऊन चहा टाकला, चेहरा धुतला, डोळ्यांपुढचे हिरवे-जांभळे ठिपके विझले, आणि वाक्य तसंच शिल्लक.

ही गाडी त्याने स्वतः जोडली आहे. किट कार. चासी, फायबरग्लासची बॉडी, सस्पेन्शन, वायरिंगची भेंडोळी असं सगळं खोक्यांमधून येतं आणि गॅरेजमध्ये आपण ते एकेक करून उभं करायचं. आकार साठच्या दशकातल्या कोब्राचा. मूळ कोब्रा आमच्या घरापासून फार लांब नाही जन्मली, थेम्स डिटनला, एसी कार्सच्या कारखान्यात. एसीच्या 'एस' नावाच्या देखण्या गाडीला ब्रिस्टलचं इंजिन मिळेनासं झालं, तेव्हा १९६१ मध्ये कॅरल शेल्बी नावाच्या टेक्सासच्या माणसाने पत्र पाठवून विचारलं, की तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं तर? १९६२ च्या फेब्रुवारीत इंजिनाविना एक गाडी विमानाने लॉस एंजेलिसला गेली आणि डीन मून यांच्या वर्कशॉपमध्ये फोर्डचं इंजिन तिच्या पोटात बसलं. ती पहिली गाडी २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर्सना गेली. म्हणजे ज्या गाडीची नक्कल म्हणून लोक किट कारकडे नाक मुरडतात, ती अस्सल गाडीसुद्धा एका खंडातून आलेलं शरीर आणि दुसऱ्या खंडातलं काळीज अशी जोडूनच झालेली. नवरा हे पाहुण्यांना सांगतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मी ते इतक्यांदा ऐकलंय, की पाहुण्यांच्या प्लेटमध्ये वडे वाढताना पुढचं वाक्य मनात आपोआप येतं.

गाडी रस्त्यावर आली, सरकारी तपासणीतून सुटली, नंबर मिळाला. चालकाच्या बाजूचं सगळं मनासारखं होतं. स्टिअरिंगचा कोन, पेडलांमधलं अंतर, सीट किती मागे, आरसा कुठे, यावर रात्रीच्या रात्री खल झाला होता. डाव्या बाजूला एक सीट होती आणि एक पट्टा होता. त्या बाजूला माणूस बसेल, आणि त्या माणसालाही डोळे असतील, हा विचार कुठे झाल्याचं दिसत नव्हतं.

मला सांगली आठवली. बाबांची फियाट जुनी, दुसऱ्या की तिसऱ्या हाताची. तिच्या डाव्या बाजूचा व्हायझर, म्हणजे ऊन अडवायला काचेच्या वरून खाली ओढायची पट्टी, आमच्याकडे येण्याआधीच निखळून गेला होता, नुसती बिजागरी राहिली होती. मी त्या बिजागरीला रबरबँड अडकवायची. रविवारी दुपारचं जेवण उरकून कोल्हापूरला आत्याकडे निघालो, की हातकणंगले येईपर्यंत ऊन तिरपं होत आलेलं असायचं. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमधून गळलेली पाचटं, आणि समोर सूर्य. बाबा आपला व्हायझर खाली ओढून निवांत. आई पदराचं टोक कपाळावरून पुढे धरायची, छज्जासारखं, आणि तशीच तासभर बसायची. मांडीवर डबा, एक हात डब्यावर, एक हात पदराला. बाबांनी त्या गाडीचे क्लच बदलले, रंग काढून घेतला, गणपतीला आणि दसऱ्याला हार घातले. व्हायझर काही लावला नाही. आईनेही मागितला नाही. मागण्यासारखी ती गोष्ट आहे असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नसावं. गाडीत दोन डोळे लागतात, ते चालवणाऱ्याला असतात, असा एकंदर हिशेब.

तरी सांगलीचं ऊन बरं म्हणायचं. तिथे डिसेंबरातही दुपारी बाराला सूर्य ५० अंशांवर असतो, म्हणजे बऱ्यापैकी डोक्यावर. इथे सरे परगण्यात डिसेंबरातल्या भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. वर येतो म्हणायचं, एवढंच. उरलेला सगळा वेळ तो झाडांच्या फांद्यांमधून, घरांच्या धुराड्यांमागून, आडवा डोळ्यांत घुसत असतो. हिवाळ्यात या देशात ऊन पडलं की लोक आनंदाने घराबाहेर पडतात आणि गाडीत बसले की शिव्या देतात. वाहतुकीच्या नियमपुस्तकातच लिहिलंय, की उन्हाने डोळे दिपले तर वेग कमी करा, गरज पडली तर थांबा. हॉग्ज बॅकवर चार लेनच्या गर्दीत थांबणार कुठे, ते पुस्तकात नाही.

चार-आठ दिवसांनी मी गॅरेजमध्ये जुन्या बरण्या शोधायला गेले. वरच्या फळीवर, ब्रेक ऑइलच्या डब्यांमागे, एक चपटं खोकं होतं. उघडलं तर आत धुरकट रंगाच्या अ‍ॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या, क्रोमचे छोटे कंस आणि प्लास्टिकच्या पुडीत स्क्रू. व्हायझर. दोन. खोक्यावरच्या चिठ्ठीवर तारीख गाडीच्या पहिल्या खोक्यांच्या वेळची.

म्हणजे विसरला नव्हता. पहिल्याच ऑर्डरीत माझ्या बाजूचा व्हायझर मागवला होता आणि मग तो फळीवर, डब्यांमागे, नजरेआड ठेवून दिला होता. मी खोकं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि टेबलावर ठेवलं. तो बघून गप्प झाला. मग म्हणाला, "अगं, काच फुटेल."

ज्या माणसाने व्ही-८ इंजिन साखळीच्या कप्पीवर टांगून एकट्याने खाली उतरवलं, ब्रेकच्या नळ्या स्वतः वाकवल्या, तो माणूस दोन स्क्रूंना घाबरत होता. मला हसू आलं आणि पाठोपाठ थोडी शरमही वाटली, कारण मी इतके दिवस जे बेफिकिरी म्हणून मनात घोळवत होते ते निराळंच निघालं. पण राग सगळा गेला असंही नाही. भीती वाटते तर तसं सांगावं. 'टोपी घाल' कशाला?

त्याच्या भीतीला आधार होता. त्याच्या एका मित्राने आदल्या वर्षी अशाच गाडीला असेच व्हायझर बसवले. बसवताना काही झालं नाही. सगळं नीट बसलं, त्याने फोटोही पाठवले. मग थंडी पडली, आणि एका सकाळी गॅरेजचं दार उघडलं तर वरच्या फ्रेमपासून निघून खालच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला एक लांबलचक तडा. गाडीला कुणी हात लावलेला नव्हता. तडा नेमका कंसाच्या स्क्रूखालून सुरू झालेला. पुडीतले स्क्रू १० मिलिमीटरचे होते. कंसाची जाडी, फ्रेमची भिंत आणि रबर ओलांडून त्याचं टोक काचेला टेकलं होतं. ठोकलं नव्हतं की खुपसलं नव्हतं. नुसतं टेकलं होतं.

काच कशी फुटते याची गोष्ट हॉग्ज बॅकच्याच शेजारची आहे, हे मला नंतर कळलं. रस्ता संपतो ते फार्नहॅम, आणि तिथून थोडं उत्तरेला फार्नबरो. तिथल्या सरकारी विमानसंस्थेत ए. ए. ग्रिफिथ हे अभियंता काम करत. त्यांचा १९२१ चा प्रबंध काचेवर आहे. अणूंमधली ओढ पाहिली तर काच भरपूर मजबूत असायला हवी, प्रत्यक्षात मात्र ती त्याच्या कितीतरी आधी तुटते. असं का? ग्रिफिथ यांचं उत्तर असं, की काचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात आणि सगळा ताण त्या ओरखड्यांच्या टोकाशी गोळा होतो. ओरखडा जितका लांब, तितकी काच कमी ताणात जाते. त्यांनी काचेचे तंतू ओढून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका तो त्याच्या आकाराच्या मानाने बळकट. लोखंड किंवा पितळ अशा ठिकाणी थोडं दबतं, सैलावतं, ताण वाटून घेतं. काचेला तसं करता येत नाही. आणि त्यात हवेतली वाफ असते. ताणाखाली असलेल्या ओरखड्याच्या टोकाशी पाण्याचे रेणू पोचले, की तिथले बंध हळूहळू सुटत जातात आणि ओरखडा कणाकणाने पुढे सरकतो. म्हणून काच आज दाबली आणि पंधरा दिवसांनी गेली, असं होऊ शकतं. या देशात वाफेला तोटा नाही.

पुढची काच फुटली तरी अंगावर पडत नाही, हे खरं. ती दोन काचांची असते, मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३ मध्ये प्रयोगशाळेतला चंबू पडला, तो तडकला पण विखुरला नाही, कारण आतून द्रावण वाळून त्याचा थर बसला होता. तिथून ही कल्पना निघाली. पण त्यामुळे तडा थांबत नाही, फक्त तुकडे धरून ठेवले जातात. आणि वार्षिक तपासणीत चालकाच्या समोरच्या २९० मिलिमीटरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरहून मोठा डाग किंवा तडा असेल, तर गाडी नापास. नवरा हे आकडे धडाधड म्हणून दाखवत होता. मी ऐकत होते आणि हातातला तो १० मिलिमीटरचा स्क्रू बोटांत फिरवत होते.

मी दातांची डॉक्टर आहे. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवायचं तर हाडात भोक पाडावं लागतं आणि त्या हाडाच्या आतून नस जाते. तिला धक्का लागला तर माणसाचा खालचा ओठ बधिर होतो, कधीकधी कायमचा. म्हणून नसेच्या वर निदान २ मिलिमीटर हाड राखायचं, हा आमचा रोजचा नियम. त्यातली खरी मेख वेगळीच असते. ड्रिलवर खोलीच्या खुणा असतात, पण ड्रिलचं टोक त्या खुणांच्या पुढे थोडं जास्तीचं जातं. खुणेवर विसंबलात तर गेलात. जे शेवटचं टोक मोजलेलं नसतं, तेच घात करतं. त्यामुळे फ्रेमचं हे प्रकरण ऐकल्यावर मला भीती वाटण्याऐवजी जरा उत्साहच आला. नवऱ्याला म्हटलं, "जाडी किती ते सांग." तो म्हणाला, "कशाची?" म्हटलं, "सगळ्याची."

खरा मार्ग सरळ होता. काच फ्रेममध्ये जायच्या आधीच भोकं पाडून आटे पाडून घ्यायचे. पण आमची काच फ्रेमसकट जोडूनच आली होती, आणि ती आता उतरवायची तर दोन्ही बाजूंचे खांब डॅशबोर्डखालून सोडवायचे, रबर ओढायचं, पुन्हा बसवायचं. त्यात काच जायची शक्यता भोकापेक्षा जास्त. भोक न पाडता चिमट्याने धरणारे व्हायझरही मिळतात. ते त्याला दिसायला आवडेनात, आणि खरं सांगायचं तर मलाही. इतका खटाटोप करून शेवटी कपडे वाळत घातल्यासारखं दिसायला नको.

मग मित्राच्या फुटक्या काचेची फ्रेम कामाला आली. तीच घडण, तोच पुरवठादार. त्याने तिचा कापलेला तुकडा दिला. कापलेल्या तोंडाशी सगळं स्वच्छ दिसत होतं: वरून क्रोमचा मुलामा, खाली पितळ, मग रबर, मग काचेची जागा. बारीक मापं घेणारा व्हर्नियर लावला. पितळेची भिंत ३ मिलिमीटर, म्हणजे सांगलीच्या वर्कशॉपमधल्या भाषेत जेमतेम एक सूत. रबर २ मिलिमीटर. पाचव्या मिलिमीटरला काच. रिकाम्या तुकड्यावर आधी सराव केला आणि बरंच काही तिथेच कळलं.

पहिली गोष्ट, पितळ ड्रिलला आत ओढतं. हाड तसं करत नाही. हाडात हाताचा दाब सोडला की ड्रिल थांबतं. पितळेत ते शेवटच्या पापुद्र्यापाशी आलं, की आटे घेतल्यासारखं स्वतःहून पुढे उडी मारतं, आणि नेमकी तिथेच पलीकडे काच. जुने कारागीर यावर ड्रिलच्या धारेचं टोक तेलाच्या दगडावर घासून किंचित बोथट करतात. नवऱ्याने ते केलं. बोथट धारेचं ड्रिल पितळ खरवडत जातं, चावत नाही. दुसरी गोष्ट टोकाची, आमच्या ओळखीची. अडीच मिलिमीटरच्या ड्रिलचं निमुळतं टोक पाऊण मिलिमीटरचं. म्हणजे भिंतीला पूर्ण गोल आरपार भोक हवं तर टोक पावणेचारपर्यंत जाणार. उरलं सव्वा मिलिमीटर रबर. सुताच्या निम्म्याहूनही कमी. ड्रिलवर पितळी नळीचा तुकडा कापून बसवला, मोजून, बाहेर नेमकं तेवढंच टोक ठेवून. नळी फ्रेमला टेकली की ड्रिलची सुट्टी.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते बहुतेक काचा तिथेच जात असाव्यात. भोक जपून पाडतात, आणि मग आटे पाडायला टॅप घालतात. टॅपचा संच तिघांचा असतो. त्यातल्या पहिल्याचं नाक लांब आणि निमुळतं, सात-आठ आट्यांपर्यंत निमुळतंच. भिंतीत पूर्ण आटे पडेपर्यंत तो फिरवत गेलात तर त्याचं नाक पलीकडे जवळजवळ चार मिलिमीटर बाहेर येतं. ड्रिलने जी काच वाचवली तिला टॅप जाऊन टोचतो, आणि हाताला काही कळत नाही, कारण हात आट्यांचा अडथळा जोखत असतो. म्हणून पहिला टॅप नुसती वाट दाखवण्यापुरता, त्यालाही खूण करून. पुढचं काम संचातल्या शेवटच्या, चपट्या नाकाच्या टॅपचं. आणि जाडीच कमी म्हणून स्क्रू बारीक आट्यांचा, ३ मिलिमीटरचा. त्याचे आटे अर्ध्या मिलिमीटरला एक, त्यामुळे एका सुतात सहा आटे धरतात. जाड स्क्रूला चारच मिळाले असते.

खऱ्या गाडीवर रविवारी सकाळी काम धरलं. फ्रेमवर आतल्या अंगाने चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. भोकाची जागा पक्की करायला पंच ठेवून हातोडी मारायची सवय असते, ती इथे बंद. काच फ्रेममध्ये असताना ठोका म्हणजे आमंत्रण. टोकदार सुईने क्रोम खरवडून ड्रिलला बसायला खळगी केली. विजेचं ड्रिल बाजूला ठेवलं, हाताने फिरवायचं घेतलं. नवरा बॅटरी धरून उभा. मी सीटवर गुडघे टेकून, मान तिरकी, दवाखान्यात असते तशीच. फरक एवढाच, की रुग्ण गप्प आणि मदतनीस सारखा बोलत होता. "सरळ आहे ना? जरा डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे." पितळेचा बारीक सोनेरी कीस पट्टीवर पडत होता आणि नाकात तो नाण्यांचा वास. शेवटच्या पापुद्र्याशी हाताला एक बारीक ढिलाई कळते, आवाज बदलतो, आणि तेवढ्यात नळी फ्रेमला टेकते. त्या क्षणी दोघांपैकी कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "पुढचं."

पुडीतले स्क्रू आम्ही वापरलेच नाहीत. कंस २ मिलिमीटर, भिंत ३, म्हणजे ५ च्या पुढे गेलेला प्रत्येक कण रबरात घुसणार. स्क्रू कापून साडेचारवर आणले आणि टोकं कानशीने गोल केली. आवळताना स्क्रू-ड्रायव्हर मुठीत धरला नाही, दोन बोटांत धरला. घट्ट बसल्याचं बोटांना कळतं. मूठ कळूनही फिरवत राहते.

त्यानंतरचा हिवाळा मला जरा लांब वाटला. गॅरेज थंडगार. पितळ आणि काच थंडीत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. ३० अंशांचा फरक पडला तर मीटरभर पितळ अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त सरकतं, काच त्याच्या साधारण निम्मी. मधलं रबर तो फरक पोटात घालतं, म्हणून तर ते असतं. हे सगळं माहीत असूनही गोठलेल्या सकाळी दवाखान्यात निघताना मी गॅरेजमध्ये डोकावून वरच्या फ्रेमखाली बॅटरी फिरवून यायची. नवराही तेच करायचा, माझ्या नकळत. एकदा दोघांची पावलं दारात एकमेकांसमोर आली. दोघंही काही बोललो नाही आणि चहा करायला आत गेलो.

काच शाबूत आहे. व्हायझरचं मात्र काय सांगायचं! तो लावल्यावर हॉग्ज बॅकला गेलो तेव्हा लक्षात आलं, की पट्टी बसते फ्रेमच्या वरच्या कडेला आणि माझी उंची पाच फूट. सूर्य थोडा वर असेल तेव्हा धुरकट पट्टीमागे तो जायफळासारखा गोल, शांत दिसतो, बघायला सुद्धा छान वाटतं. पण अगदी मावळतीच्या वेळी, म्हणजे जेव्हा खरी गरज, तेव्हा तो पट्टीच्या खालून येतो आणि पुन्हा सरळ डोळ्यांत. नवऱ्याची उंची सहाच्या जवळ. त्याला झकास उपयोग होतो. मी सीटवर उशी घेतली तर वारा कपाळावर येतो. आता मी टोपीला हनुवटीखाली बांधायची नाडी शिवून घेतली आहे आणि व्हायझर त्याच्या वरच्या जागी दिमाखात आहे. यावर आमच्यात बोलणं होत नाही.

त्या धुरकट पट्टीविषयी मला उगाच माया आहे, कारण ती आमच्याच धंद्यातली. अ‍ॅक्रिलिक म्हणजे कवळीच्या गुलाबी हिरड्या ज्या पदार्थाच्या असतात तोच. डोळ्यांशीही त्याचं जुनं नातं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पर्स्पेक्सच्या, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्याच, छतांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, आणि डोळ्याने ते बिनतक्रार ठेवून घेतले, हे हॅरल्ड रिडली यांनी पाहिलं. त्यातून १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पहिल्यांदा पर्स्पेक्सचं भिंग बसवलं. आईचा मोतीबिंदू मिरजेला काढला तेव्हा तिच्याही डोळ्यात भिंग बसलं, त्याच वंशातलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर ती म्हणाली होती, "अगंबाई, ऊन एवढं पांढरं असतं होय?"

वसंतात बिजागरीचे स्क्रू ढिले झाले. उघड्या गाडीत वारा पट्टीला सतत हलवतो आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. नवरा स्क्रू पक्के करायचं निळं द्रावण घेऊन आला. आटे जाम करतं ते. मी बाटली हातातून काढून घेतली. ते द्रावण अ‍ॅक्रिलिकला लागलं तर त्यात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उठतं. कवळीवर नको ते रसायन लागल्यावर काय होतं ते मी रोज बघते. काच वाचवून पट्टी घालवायची का? त्याऐवजी नायलॉनचे वायसर घातले आणि दर काही महिन्यांनी बोटांनी तपासायचे असं ठरलं.

परवा त्याच मित्राचा फोन आला. नवी काच बसवून झाली होती आणि आता व्हायझर पुन्हा लावायचे होते. "तुझा हात हलका आहे, एखादा शनिवार दे," म्हणाला. म्हटलं, फ्रेम आधीचीच आहे का? नाही, नवी, दुसऱ्या पुरवठादाराची. भिंत किती जाड? माहीत नाही, पण दिसायला सारखीच आहे. रबर किती? तेही माहीत नाही. मी त्याला म्हटलं, मोजल्याशिवाय मी ड्रिल उचलणार नाही, आणि फ्रेम न कापता मोजता येणार नसेल तर चिमट्याचे व्हायझर घे. दिसतात बावळट, पण घे. तो जरा हिरमुसला. मग त्याने विचारलं, की त्याच्या उजव्या दाढेत थंड लागलं की कळ येते, त्यासाठी तरी शनिवार आहे का? तो दिला.